अलीमियाँच्या कॅफेटेरियामागचे दिवे

आकाशाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसांची अलीमियाँना मनस्वी चीड होती, आणि त्या वर्षी नेमकी तीच जमात त्यांच्या दारात येऊन उभी राहिली. दर गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, मगरिबची नमाज आटपून ते किचनच्या मागच्या दारात येत, तर मोकळ्या जागेत पन्नास-साठ जण माना वर करून उभे. कुणाच्या हातात कॅमेरा, कुणाच्या दुर्बीण, कुणाचं पोर खांद्यावर. दाट दुधाच्या करक चहावर साय धरली तरी कुणाला शुद्ध नाही. आणि बघायचं काय, तर वाळूच्या टेकाडावर हवेत लोंबकळणारे पाच-सात पांढरे दिवे. ते वर चढायचे, थांबायचे, आडवे सरकायचे आणि पाऊण तासाने एकेक करून उतरून दिसेनासे व्हायचे. लोक म्हणायचे, यूएफओ. अलीमियाँ म्हणायचे, तुमचं डोकं.

कॅफेटेरिया म्हणजे अबू धाबीहून रुवैसला जाणाऱ्या रस्त्यावरचा पत्र्याचा एक खोका. मागचा पेट्रोल पंप पस्तीस किलोमीटर, पुढचा चाळीस. त्या रस्त्यावरच्या बाकीच्या सगळ्या कॅफेटेरिया मल्याळी लोकांच्या, एवढी एकच बाणकोटच्या माणसाची. बावीस वर्षं अलीमियाँ तिथे एकटे पराठे लाटत होते आणि ट्रक ड्रायव्हरांना दमात घेत होते. बायको कुलसुम बाणकोटला, दोन्ही मुली लग्न होऊन आपापल्या घरी. माणूस भयंकर तापट, पण हाताला चव अशी की शिव्या खाऊनही ड्रायव्हर लोक तिथेच थांबायचे.

मग २००८ चा सप्टेंबर आला. अमेरिकेत कुठलीशी बँक बुडाली आणि इथे अलीमियाँचं मळलेलं पीठ उरायला लागलं. या दोहोंचा संबंध काय, हे त्यांना कुणी नीट समजावू शकलं नाही, आणि ज्यांनी प्रयत्न केला त्यांना त्यांनी अर्ध्यात गप्प केलं. ट्रक आटले. अकरा किलोमीटर पुढे उजव्या हाताला एक फाटा होता. तिथून आत, वाळूत, एक कंपनी मोठं गाव वसवणार होती. व्हिला काय, तळी काय, गोल्फ काय. तिथल्या मिक्सर-गाड्यांचे ड्रायव्हर दोन वेळा खायला यायचे. नोव्हेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला. फाट्यावरचा बोर्ड गेला, कामगारांच्या बसेस दिसेनाशा झाल्या, खलास. अलीमियाँनीही ते गिऱ्हाईक मनातून पुसून टाकलं.

दुकानाचं लायसन तिथल्या रिवाजाप्रमाणे एका अरब मालकाच्या नावावर होतं. म्हातारा मालक भला होता, तो वारला. आता त्याचा मुलगा अहमद. लंडनला शिकून आलेला, अदबशीर, आवाज कधी चढवणार नाही. डिसेंबरात तो आला, बाजूला बसवून म्हणाला की ही जागा एक पेट्रोल पंपवाली कंपनी मागते आहे. मे महिन्यात लायसन संपतंय, तोवर धंदा उठला तर तीन वर्षं वाढवू. नाही उठला तर इथे पंप येईल, पंपाच्या दुकानात चहाचा एक काउंटर असेल, आणि त्या काउंटरवर जो एकच माणूस लागेल ती नोकरी चाचा, तुमची. त्याने हे उपकार केल्यासारखं सांगितलं, आणि तसे ते होतेही. पण बावीस वर्षं मालकाच्या तोऱ्यात वावरलेल्या माणसाने डोक्यावर कंपनीची टोपी घालून कागदी पेल्यात चहा ओतायचा? त्या रात्री अलीमियाँ जेवले नाहीत.

आणि जानेवारीत ते दिवे आले.

पहिल्यांदा ते पाहिले अबू धाबीतल्या खलिफा सिटीच्या एका मराठी कुटुंबाने. गुणवंत, त्याची बायको शोभना आणि नऊ वर्षांचा वेदांग. रुवैसला मित्राकडे चालले होते, चहाला थांबले. गुणवंत कुठल्याशा कन्सल्टन्सीत इंजिनियर. त्याने आधी पराठ्याचा भाव मोठ्याने रुपयांत करून पाहिला, तीन दिरहम म्हणजे चाळीस रुपये, बाप रे म्हणाला, आणि सहा मागवले. पोरगा मागे हात धुवायला गेला आणि धावत परत आला. "डॅड, देअर आर लाइट्स इन द स्काय. अँड दे आर मूव्हिंग." गुणवंतने मोबाइलवर शूटिंग केलं, घरी जाऊन इंटरनेटवर टाकलं. पंधरा दिवसांत अबू धाबीतले, शारजातले, कुठले कुठले लोक गाड्या घेऊन हजर. अहमदने दर्शनी बाजूला मोठ्या डोळ्यांच्या हिरव्या माणसाचं चित्र लावलं आणि खाली इंग्रजीत आणि अरबीत लिहिलं, यूएफओ पॉइंट.

धंदा उठला. नुसता उठला नाही, उभा राहून नाचायला लागला. गुरुवार-शुक्रवार मिळून अलीमियाँ दोन पोती मैदा संपवत आणि एकेकाला झापत. हिरव्या माणसाचा फोटो काढायचा तर आधी खा. टेबलावर चढू नका. तो दिवा आहे, तुमचा जावई नाही, हात कसले हलवताय. लोक हसायचे. हा चिडका म्हाताराही त्यांच्या व्हिडिओत यायला लागला.

शोभना मात्र त्यांना आवडायची. एकदा ती किचनच्या दारात टेकून बोलत राहिली. ऑफिसात रोज कुणाला ना कुणाला घरी पाठवतायत, एअरपोर्टवर लोक कर्जाच्या गाड्या सोडून पळून जातायत, गुणवंतला रात्र रात्र झोप नाही, इथे आलं की दोन तास तरी काही आठवत नाही. अलीमियाँनी तिला जास्तीची साखर घालून चहा दिला आणि त्या दिवशी कुणाला बोलले नाहीत.

फेब्रुवारीत गुणवंतने शोध लावला. त्याने आपल्या उंच फोर-बाय-फोरचं तोंड टेकाडाकडे केलं आणि हेडलाइट तीनदा मारले. थोडा वेळ गेला. मग वरच्या दिव्यांतला एक तीनदा लागला-विझला. लोकांनी जो काही कल्ला केला त्याला तोड नाही. एक बाई तर रडायला लागली. "दे आर टॉकिंग टू अस," वेदांग म्हणाला, आणि त्याचा बाप, चांगला शिकलासवरलेला माणूस, मान हलवून हो म्हणाला. तेव्हापासून दर गुरुवारी वीस-वीस गाड्या एका रांगेत लावून तीन वेळा लाइट मारायचे आणि वरून तीन वेळा उत्तर यायचं. अलीमियाँचं टाळकं फिरायचं. एवढी उत्सुकता आहे तर कुणी बूड हलवून टेकाडावर का जात नाही? कुणी जायचं नाही. चपलांत वाळू जाते. गाड्या सगळ्या डोंगर चढण्याच्या, पण डांबर सोडून एकीचं चाक कधी खाली उतरलं असेल तर शपथ.

तर मग अलीमियाँ स्वतः का गेले नाहीत? हे त्यांनी पुढे स्वतःला शंभरदा विचारलं. एक म्हणजे, पराठे. दुसरं म्हणजे, रस्त्यावर जगलेला माणूस अंतर रस्त्यानेच मोजतो. बंद पडलेली साइट म्हणजे अकरा किलोमीटर पुढे जायचं, उजवीकडे वळायचं आणि आत जात राहायचं. ती आतली वाट वळसा घेत घेत परत मागे येते, आणि पाखराने उडत जावं तसं पाहिलं तर साइट आपल्या किचनच्या पाठीमागे तीनच किलोमीटरवर आहे, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. दिवसा टेकाडापलीकडे नुसती धुळकट वाफ दिसायची. आणि तिसरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मे जवळ येत होता. ते दिवे काय आहेत हे कळू नये, असं त्यांना आतून वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी, सकाळी दहाच्या सुमाराला, त्यांना मागच्या नळापाशी एक माणूस दिसला. पाच-पाच लिटरचे दोन डबे भरत होता. अलीमियाँनी मागून जाऊन त्याची कॉलर धरली आणि खास बाणकोटची एक शिवी दिली. माणूस वळला. निळा युनिफॉर्म घामाच्या मिठाने पांढरा पडलेला, ओठ फुटलेले, गालफडं बसलेली. शिवी ऐकून त्याचे डोळे एकदम भरून आले.

"मराठी हाव का चाचा तुम्ही?"

त्याचं नाव रामचंद्र. देगलूरकडचा, सळ्या बांधणारा. कुठून आलास विचारलं तर त्याने टेकाडाकडे बोट केलं. साइटवरून. अलीमियाँ म्हणाले, साइट तर बंद झाली.

"साइट बंद झाली, चाचा. आम्ही हाव की तिथंच."

त्यांनी त्याला आत बसवलं, पुढ्यात पराठा-ऑम्लेट ठेवलं, आणि तो खाता खाता सांगत गेला. एकोणीस माणसं. मॅनेजर नोव्हेंबरात मीटिंगला म्हणून दुबईला गेला तो गेलाच. पासपोर्ट त्याच्याकडे. बाकीच्यांना दुसऱ्या साइटवर नेलं, यांना म्हणाले, पुढच्या बसने. पुढची बस आलीच नाही. वॉचमन दहा-बारा दिवसांनी पाण्याचा टँकर आणि तांदळाचं पोतं आणून द्यायचा, या महिन्यात त्यानेही तोंड दाखवलं नव्हतं. जानेवारीत डिझेल संपलं, जनरेटर बंद, त्याबरोबर साइटवरचा मोबाइलचा टॉवर बंद. मोबाइल चार्ज करायचे ते पडून राहिलेल्या मिक्सर-गाड्यांच्या बॅटऱ्यांवर. आता रेंज मिळते ती फक्त सायलोवर, म्हणजे सिमेंट साठवायची जी उंच लोखंडी टाकी असते तिच्या डोक्यावर. म्हणून दिवस मावळला की शिडीवरून वर जायचं. मोबाइलचा टॉर्च लावून तो दातात धरायचा, म्हणजे पायरी दिसते. वर कठड्याला धरून आडवं सरकत जिथे सिग्नलची काडी दिसेल तिथे थांबायचं आणि घरी मिस कॉल द्यायचा. बोलायला बॅलन्स नाही. एक रिंग म्हणजे जिवंत आहे.

अलीमियाँच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

मग रस्त्यावर का नाही आलात, असं त्यांनी विचारलं, तेही ओरडून. रामचंद्र म्हणाला, जागा सोडली की कंपनी कागदावर फरार लिहिती. फरार लिहिलं की पासपोर्टबी गेला आन् मजुरीबी. त्यांचा मुकादम असलेल्या मिस्त्रीने सगळ्यांना बजावलं होतं, जो जागेवर सापडेल त्यालाच घेऊन जातील. म्हणून पाच महिने ही माणसं आपापल्या खाटांवर, आपापल्या हेल्मेटसकट, शिस्तीत वाट बघत बसली होती. आज पाणी अगदीच संपलं म्हणून हा एकटा, मिस्त्रीशी भांडून, वाळू तुडवत सरळ आला होता.

पराठा संपवून त्याने ताट पुसून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "चाचा, ते गाडीवाले साहेब लोक कधी यायलेत?"

"कुठले साहेब?"

"तुमच्यापाशी थांबतेत ते. लाइट मारून सांगतेत की आम्हाला, तीन डाव. आम्हीबी तीन डाव मारतोव. मिस्त्री म्हणतेत, आपली नोंद झाली, आता येतील."

अलीमियाँना त्या क्षणी जो संताप आला तसा आयुष्यात आला नव्हता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या पळपुट्या मॅनेजरवर, त्या वॉचमनवर, त्या दुर्बिणवाल्या टोळीवर, की स्वतःच्या दोन पोती मैद्यावर? त्यांनी खुर्चीला लाथ मारली. रामचंद्र घाबरून उठला. त्याला वाटलं, आपण पाणी घेतलं म्हणून.

दुपारी त्यांनी पिकअपमध्ये पाण्याची पिंपं टाकली, तांदूळ, डाळ, कांदे टाकले आणि अकरा किलोमीटर जाऊन, आत वळून, सगळं बघून आले. खाटांची रांग, भिंतीवर खडूने मारलेल्या दिवसांच्या रेघा, आणि अठरा माणसं उठून उभी राहिलेली, साहेब आल्यासारखी. मिस्त्री निजामाबादचा, पन्नाशीचा. त्याने अलीमियाँचे दोन्ही हात हातात घेतले. त्या गाड्यांचा तुमच्याशी काही संबंध नाही, ते तमाशा बघायला येतात, हे सांगायला अलीमियाँनी तोंड उघडलं आणि मिटलं.

आता इथे खरं म्हणजे त्यांनी त्याच संध्याकाळी पोलिसांकडे जायला हवं होतं. गेले नाहीत. लायसनची सही पुढच्या रविवारी होती. सही होऊ दे, मग सगळ्यांना सांगू. पाच महिने थांबली माणसं, आठ दिवस थांबतील, पाणी तर आपण देतोच आहोत. असं स्वतःला समजावताना त्यांना स्वतःचीच किळस येत होती, तरी त्यांनी समजावलं. रामचंद्रला म्हणाले, आठ दिवस कळ काढा. तो म्हणाला, काढतोव की. 

गुरुवार आला. गर्दी नेहमीपेक्षा दुप्पट. गुणवंतने गाडीच्या टपावर बसवायला एक नवा मोठा झोतदिवा आणला होता, मुद्दाम दुबईहून. अलीमियाँ त्याला म्हणाले, आज नको गुणवंतराव, राहू दे. त्याने का विचारलं. रविवारची सही आठवली आणि ते आत निघून गेले.

झोत टेकाडावरून पलीकडे गेला. एकदा, दोनदा, तीनदा. वरचा एक दिवा जोरजोरात हलायला लागला, आजवर कधी हलला नव्हता तसा, जणू कुणी दोन्ही हातांनी तो ओवाळतंय. लोक ओरडले. आणि मग तो दिवा सरळ खाली पडला.

"लँडिंग," कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्या वाजल्या. शिट्ट्या वाजल्या. पोरं उड्या मारायला लागली.

अलीमियाँ पिठाच्या हातांनी बाहेर आले.  त्यांच्या तोंडून शब्द फुटले ते असे की टाळ्या वाजवणारे हात हवेतच राहिले. "माणूस पडलाय तो. गाढवांनो, माणूस पडलाय." सायलो, साइट, पाणी, पासपोर्ट, मिस कॉल, सगळं त्यांनी मराठीत, हिंदीत, मोडक्या इंग्रजीत ओकून टाकलं. काही जण हसले. त्यांना वाटलं, चिडक्या म्हाताऱ्याचा हा नवा आयटेम. एकाने शूटिंग चालू ठेवलं.

अलीमियाँनी गुणवंतच्या गाडीचं दार उघडलं. सरळ वाळूतून तीन किलोमीटर, चल. गुणवंत चाचरला. पोलीस केस होईल, काका, आधी अँब्युलन्सला फोन करू, आणि वाळूत गाडी कधी घातली नाही. म्हणजे वाईट माणूस नव्हता तो. नोकरीच्या धास्तीने आधीच अर्धा झालेला. पण अलीमियाँना त्या वेळी हे दिसणं शक्य नव्हतं. शोभनाने नवऱ्याच्या हातून किल्ली घेतली, वेदांगला शेजारच्या बाईकडे दिलं आणि स्टिअरिंगवर जाऊन बसली. मग गुणवंतही गुपचूप मागे चढला.

मिस्त्री पडला होता. सायलोच्या अर्ध्यावर लोखंडी जाळीचा फलाट आहे, त्यावर आदळला म्हणून जीव वाचला. पायाचं हाड मोडलं होतं. साहेब लोकांनी आज एवढा मोठा लाइट मारला, म्हणजे निघालेच, असं वाटून त्याने कठडा सोडून दोन्ही हात हलवले होते. पुढे फोर-बाय-फोर वाळूतून येताना दिसली तेव्हा रामचंद्र त्याला म्हणाला, बघा मिस्त्री, आले. हे शोभनाने ऐकलं. रुवैसच्या इस्पितळापर्यंत गाडी तिनेच चालवली.

बाकीचं भराभर झालं. पोलीस आले, लेबर ऑफिसची माणसं आली, डॉक्टर आला, पाण्याचा टँकर आला. जी गोष्ट पाच महिन्यांत झाली नव्हती ती तीन दिवसांत झाली. पासपोर्ट दुबईतल्या एका बंद ऑफिसच्या कपाटात सापडले. घरी जायची तिकिटं निघाली, आणि मजुरीचं काय, त्यावर सगळ्यांनी इन्शाल्ला म्हटलं. गुणवंत एकदा येऊन कपडे आणि खाऊ देऊन गेला. जाता जाता अलीमियाँना म्हणाला, "ते कामगार होते हे कबूल, काका. पण जानेवारीत आम्ही पाहिले ते वेगळे होते हां. ते माणसांसारखे हलत नव्हते." 

लायसनची सही राहिलीच होती. बुधवारी अहमद आला. झालेल्या प्रकाराचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, मिस्त्रीला बघायला तो इस्पितळातही जाऊन आला होता. पण गर्दी तर येतेच आहे, तो म्हणाला. लोकांना अजूनही बघायचं आहे. दर गुरुवार-शुक्रवार एक माणूस वर पाठवू. रीतसर विसा देऊ, पगार देऊ, कमरेला सेफ्टी बेल्ट देऊ. तुमचं दुकान तीन वर्षं पक्कं, चाचा. नाही तर मग तो पंप आणि तो काउंटर.

अलीमियाँनी हातातली किटली जमिनीवर आपटली. माणसं पाच महिने टांगणीला लागली ती तुम्हाला करमणूक वाटली, आता मुद्दाम टांगणार, असं ते म्हणाले, आणि आणखी बरंच म्हणाले, जे अहमदने खाली मान घालून ऐकून घेतलं. साइटवरचं सामान बांधून निरोप घ्यायला आलेला रामचंद्र दारात उभा होता. तो थांबला, ते ओरडून दमेपर्यंत थांबला. मग त्याने विचारलं, "विसा किती वर्षांचा म्हणलेत, चाचा?"

अलीमियाँनी त्याला उद्याच्या बसमध्ये गुमान बसायला सांगितलं.

"आन् देगलूरला काय तोंड दाखवू? एजंटाला जमीन लिहून देऊन आलोय. बायकोला पाच महिने नुसती रिंग दिली. वर चढायचं तर चढीन की, फुकट चढतच होतो." त्याचा आवाज कुठेच चढला नाही. "बसमध्ये बस म्हणायला तुमचं काय जातंय, चाचा? तुम्हाला तर दोन्हीकडून नोकरी हाय."

यावर अलीमियाँनी वाकून आपटलेली किटली उचलली. रामचंद्रने अहमदला हो सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी बाकीच्यांना एअरपोर्टला नेणारी बस कॅफेटेरियापाशी थांबली. अठरा माणसं उतरली, मिस्त्री कुबड्यांवर. अलीमियाँनी सगळ्यांना चहा-पराठा दिला. मागच्या मोकळ्या जागेत नेहमीची गर्दी होती, अहमदही होता, आणि ही माणसं हातात पेले घेऊन त्या गर्दीत उभी राहिली. मगरिब झाली. टेकाडावर एक दिवा चढला, वर जाऊन थांबला, आडवा सरकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाड्यांचे लाइट लागले.

इतके महिने जी माणसं तिथे वर चढत होती ती पहिल्यांदाच ते इथून बघत होती. कुणी चहाचा घोट घेतला नाही. मिस्त्री हिंदीत म्हणाला, "यहाँ से तो आदमी लगता ही नहीं." रागाने नाही. इतक्या दिवसांचं कोडं सुटल्यासारखं तो म्हणाला, आणि त्याने मान हलवली.

अलीमियाँनी खिशातून मोबाइल काढला आणि रामचंद्रला फोन लावला. वर रेंज चांगली होती. दुसऱ्या रिंगला त्याने उचलला.

"खाली उतर," अलीमियाँ म्हणाले. आवाज एवढा मोठा की आसपासच्या लोकांनी वळून पाहिलं. "ऐकतोस का रामचंद्र? उतर खाली."

"आन् नोकरी, चाचा?"

अहमद दोन पावलांवर उभा होता. अलीमियाँनी त्याच्याकडे पाहिलं. अठ्ठावन्नावं लागलं होतं त्यांना. बाणकोटला जाऊन करणार काय, हे त्यांनी कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

"पंपाच्या काउंटरची आहे ना एक," ते म्हणाले. "माझी. ती घे."

आणि पुढे काही बोलायच्या आधीच त्यांनी फोन बंद केला, कारण स्वतःचा त्यांना भरवसा नव्हता.  गाड्यांचे लाइट तीनदा लागले, विझले. वरून उत्तर आलं नाही. दिवा बराच वेळ होता तिथेच थांबला. मग पायरीपायरीने खाली यायला लागला.